तळ कुणाचा, एवढंच विचारून कसं चालेल?

मालदीव, सेशेल्स, मॉरिशस यांपैकी कुठल्याही देशाचं नाव बातमीत आलं की आपल्याकडची चर्चा एकाच प्रश्नावर येऊन अडते : तिथे तळ कुणाचा, आपला की चीनचा? जानेवारी २०२४ मध्ये पर्यटनावरून लक्षद्वीप विरुद्ध मालदीव असं रण समाजमाध्यमांवर माजलं आणि या प्रश्नाला ऊत आला. 'आपले सैनिक परतले, म्हणजे मालदीव गेलं चीनच्या खिशात' हे वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकून गप्प बसवत नाही.

आधी त्या सैनिकांचंच बघू. ते ऐंशीच्या आसपास होते. भारताने मालदीवला दिलेली दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान चालवणं, त्यांची देखभाल करणं हे त्यांचं काम. दूरच्या बेटावरचा रुग्ण राजधानी मालेच्या रुग्णालयात वेळेत पोचवणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. नवे अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू यांनी सैनिक नकोत म्हटलं आणि १० मे २०२४ च्या मुदतीत ते परतले. विमानं मात्र तिथेच राहिली, ती चालवायला भारताचेच नागरी तंत्रज्ञ गेले. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे चार महिनेही उलटले नव्हते तेव्हा, कोलंबोत भारत, श्रीलंका आणि मॉरिशस यांच्याबरोबर मालदीवनेही 'कोलंबो सुरक्षा परिषदे'च्या सनदेवर सही केली. सागरी सुरक्षा, दहशतवाद, तस्करी, सायबर सुरक्षा आणि आपत्तीतली मदत हे या परिषदेचे विषय. खिशात गेलेला देश अशी सही करतो का?

तळाला, धावपट्टीला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाही. पण १९८८ आठवा. ३ नोव्हेंबरला भाडोत्री तमिळ बंडखोरांनी माले शहराचा ताबा घेतला. अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर मालेजवळच्या हुलुले बेटावरच्या विमानतळावर उतरले. ओलिसांना घेऊन पळणारं जहाज नौदलाने समुद्रात गाठलं. मालदीवमध्ये तेव्हा आपला एकही तळ नव्हता. मदत मागण्याइतका विश्वास होता आणि ती वेळेत पोचवण्याची तयारी होती.

शिवाय सशस्त्र उठाव हा या देशांपुढचा रोजचा धोका नाहीच. रोजचा धोका त्यांच्या समुद्राच्या आकारात आहे. सेशेल्सची जमीन सुमारे ४५५ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईपेक्षाही कमी. लोकसंख्या लाखाच्या थोडी पुढे. पण किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या ज्या समुद्रातल्या माशांवर आणि खनिजांवर त्या देशाचा हक्क आहे, त्याचं क्षेत्रफळ १३ लाख चौरस किलोमीटरच्या पुढे जातं. चार महाराष्ट्र त्यात बसतील. एवढ्या पाण्यावर चोरून ट्यूना पकडणारे येतात, सोमालियाचे चाचे येतात, इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून हेरॉइन भरून निघालेल्या 'धाऊ' होड्या येतात. हेरॉइनचं म्हणणं कुणाला फुगवलेलं वाटेल, म्हणून आकडा देतो. सेशेल्स सरकारच्याच आकडेवारीच्या आधारे बीबीसीने २०१९ मध्ये सांगितलं होतं की तेव्हा साधारण ९४,००० लोकसंख्या असलेल्या या देशात ५,००० ते ६,००० जण हेरॉइन घेतात. हे संकट कुठल्या आरमाराने आणलेलं नाही आणि कुणाच्या तळावरची युद्धनौका ते परतवणारही नाही. त्यासाठी गस्ती नौका लागतात, वरून पाहणारी विमानं लागतात, किनारी रडार लागतं. आणि ती संशयास्पद बोट अमुक बंदरातून सुटली आहे हे वेळेत कळवणारा शेजारी लागतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, त्याचा एक प्रसंग सांगतो, कारण आपल्याकडे त्याची बातमी आली आणि विरली. २७ जानेवारी २०२४ रोजी 'लॉरेन्झो पुथा ४' ही श्रीलंकेची मासेमारी बोट चाच्यांनी पळवली. बोटीवर सहा मच्छीमार होते. भारतीय नौदलाने 'आयएनएस शारदा' आणि ड्रोन शोधाला लावले. गुरुग्रामच्या माहिती केंद्रातून श्रीलंका आणि सेशेल्सशी निरोपांची देवाणघेवाण सुरू झाली. हे केंद्र डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं असून मित्रदेशांचे नौदल अधिकारी तिथे शेजारी शेजारी बसून काम करतात. २९ जानेवारीला बोट सेशेल्सच्या हद्दीत शिरली आणि तिथल्या तटरक्षक दलाच्या 'टोपाझ'ने तिला अडवलं. तिघे चाचे शरण आले, सहाही मच्छीमार सुखरूप सुटले. ही 'टोपाझ' म्हणजे मूळची आपल्या नौदलाची 'तरमुगली', २००५ मध्ये भारताने सेशेल्सला दिलेली. बोट श्रीलंकेची, माहिती भारतातून, कारवाई सेशेल्सची. प्रादेशिक सहकार्य म्हणतात ते हे. सेशेल्समधल्या तळाची कुणाला गरज पडली नाही.

काही संकटांत तर शत्रूच नसतो. 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचं, पनामाचा झेंडा लावलेलं जहाज चीनहून ब्राझीलला निघालं होतं. २५ जुलै २०२० रोजी ते मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळायला लागलं आणि सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेलं. लोकांनी हाताला येईल ते घेतलं. उसाचा पाला कापडात भरून, शिवून त्यांनी पाण्यावर तरंगते बांध घातले. जिथे आपली मराठी कुळं दीड शतकाहून अधिक काळ नांदत आहेत आणि गणेशचतुर्थीला राष्ट्रीय सुट्टी असते, तो हा देश. भारताने ३० टन साहित्य आणि तटरक्षक दलाचं १० जणांचं पथक पाठवलं. रियुनियन बेटावरून फ्रान्सची मदत आली, जपानचे तज्ज्ञही आले.

त्याआधी मालदीवमध्येही असंच झालं होतं. ४ डिसेंबर २०१४ ला माले शहरात खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारतातून विमानांनी आणि जहाजांनी पाणी गेलं. चीननेही पाठवलं. एका यंत्रशाळेच्या आगीने ज्या राजधानीचं पिण्याचं पाणी बंद होतं, तिच्या सुरक्षेचा विचार करताना आपण फक्त झेंडे मोजायचे? मला याचा खरोखर संताप येतो.

आता राहिलेले समज, थोडक्यात.

'ज्यांना सैन्यच नाही, त्यांची कसली सुरक्षा?' मॉरिशसकडे सैन्य नाही हे खरं, पण १९८७ पासून राष्ट्रीय तटरक्षक दल आहे, आणि त्याची 'बॅराकुडा' ही नौका कोलकात्यात बांधलेली आहे.

'चाचेगिरी संपली.' मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. इतकी ती संपली आहे.

'हवामानबदल हा पर्यावरणवाल्यांचा विषय, सुरक्षेत कशाला?' मालदीवची सुमारे ८० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून मीटरभरही वर नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांनी तर २०१८ च्या बोए जाहीरनाम्यात हवामानबदल हाच आपल्याला सर्वांत मोठा धोका, असं लिहून ठेवलं आहे.

'हे सगळं सहकार्य म्हणजे भारताची मेहेरबानी.' आपला व्यापार, आपलं तेल आणि व्यापारी जहाजांवर काम करणारी कोकणातली मुलं याच पाण्यातून जातात. तिथली गस्त आपलीही राखण करते.

आणि शेवटचा समज, 'ही बेटं म्हणजे मोठ्यांच्या पटावरची प्यादी.' सेशेल्सच्या अझम्पशन बेटावर धावपट्टी आणि जेट्टी बांधण्याचा करार भारताने २०१५ मध्ये केला, २०१८ मध्ये तो सुधारून पुन्हा केला. तिथल्या संसदेत बहुमत असलेल्या विरोधकांनी मंजुरी देणार नाही असं सांगितलं आणि करार अडला. प्यादं असं नाही म्हणत नाही. त्यावरून आपल्याकडे 'सेशेल्स हातचं गेलं' असे लेख आले. त्यानंतरही भारताने दिलेल्या नौका सेशेल्सच्या पाण्यात गस्त घालतच राहिल्या आणि २०२१ मध्ये 'झोरोआस्टर' ही आणखी एक नौका त्यांना मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेशेल्स कोलंबो सुरक्षा परिषदेचा पूर्ण सदस्य झाला.