बरोबरीत सुटलेला डाव

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हणजे तो निष्फळ झाला, असा सामान्य समज आहे. तो किती अपुरा आहे, हे एका प्रसिद्ध डावाच्या आधारे आज पाहू.

१९६२ साली बल्गेरियातील वार्ना येथे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड भरले होते. तेथे ५१ वर्षांचा जगज्जेता मिखाईल बोत्विन्निक पांढरी मोहरी घेऊन बसला. समोर होता १९ वर्षांचा अमेरिकन बॉबी फिशर. आरंभीच्या खेळ्या बोत्विन्निकने घरी अभ्यासून ठेविल्या होत्या. परंतु सतराव्या खेळीस फिशरने वजिराने एक प्यादे मारले. तो वजीर मारावा, तर पांढऱ्याचाही वजीर जात होता! ही खेळी जगज्जेत्याच्या अभ्यासातून निसटली होती. पुढे एक प्यादे गमावून डाव तहकूब झाला, तेव्हा पटावर दोन्हींकडे राजा, एकेक हत्ती आणि काही प्यादी एवढेच उरले होते.

त्या रात्री पृथक्करण करताना सहकारी गेलर याने युक्ती सुचविली: दुबळे प्यादे राखीत बसू नये, ते खुशाल जाऊ द्यावे आणि हत्ती शत्रूच्या प्याद्यांमागे घालावा. तसेच केले. अडुसष्टाव्या खेळीअखेर फिशरची दोन प्यादी उरली, बोत्विन्निकचे एकच. पण फिशरची प्यादी पटाच्या दोन टोकांना होती. एकास राजाने अडविले, दुसऱ्यावर हत्तीची नजर होती. बोत्विन्निकचे पुढे गेलेले प्यादे रोखण्यात काळ्या राजाचे पाय गुंतले होते. डाव बरोबरीत सुटला.

वाद मात्र मिटला नाही. एक्कावन्नाव्या खेळीस राजा पुढे नेला असता तर आपण जिंकलो असतो, असे फिशरने आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. बोत्विन्निकला ते मान्य नव्हते. पुढे त्याच्या पाठशाळेतील तेरा वर्षांच्या गॅरी कास्पारॉव्ह या विद्यार्थ्याने त्या खेळीनंतरही पांढऱ्याचा बचाव होतो, हे दाखवून दिले.

या दोन धुरंधरांची पटावर पुन्हा कधी गाठ पडली नाही. त्यांच्या एकमेव डावात कोणीच जिंकले नाही. तरीही त्यातून शिकण्यासारखे एवढे निघाले. धन गेले म्हणजे सर्वस्व गेले, असे नव्हे. उरलेले मोहरे योग्य जागी उभे असले, तर तेही पुरते.