तेल कुणाचे, दोष कुणाचा?

आठवीच्या वर्गात आयात-निर्यातीचा धडा चालू होता. 'आपल्या देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते,' असे आम्ही सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, कोणतं तेल? गाडीचं की भाजीचं?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण उत्तर द्यायला तोंड उघडले तेव्हा लक्षात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण उत्तर आहे, 'दोन्ही.'

गाडीच्या तेलाचे समजू शकते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण विकत आणतो. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात 'बॉम्बे हाय' सापडले, त्याचा मोठा आधार झाला, पण गरज त्याहून कितीतरी वेगाने वाढली. जे जमिनीखाली नाही ते आणावे लागणार. पण भाजीचे तेल शेतात पिकते. आमचे कुरुंदा गाव वसमत तालुक्यातले, काळ्या मातीचे. दसऱ्याच्या सुमारास कोणत्याही रस्त्याने निघा, सोयाबीनच्या सुड्या आणि मळणीयंत्रांची धूळ दिसते. तेलबियांच्या अशा मुलखातल्या घरांत इंडोनेशिया, मलेशियाचे पामतेल आणि अर्जेंटिना, ब्राझीलचे सोयातेल कढईत पडते. देश दरवर्षी सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आणतो आणि त्यासाठी एक लाख कोटी रुपयांहून जास्त रक्कम मोजतो. खाद्यतेल आयात करणारा जगातला सर्वांत मोठा देश आज आपला आहे. हे कसे झाले आणि याचा जाब कुणाला विचारायचा, हे त्या मुलीला आम्ही तासाभरात सांगू शकलो नाही. म्हणून हा लेख.

दादीच्या काळातले तेल

आमच्या दादी सांगत, घरात तेल येई ते घाण्यावरून. बी आपले, तेल आपले, आणि उरलेली पेंड गाईम्हशींना. रब्बीत ज्वारीच्या कडेने करडीच्या ओळी असत. काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत आणि वर्षाचे तेल निघे ते वेगळेच. कोवळी करडी असली की तिची भाजी होई. सोबत जवस, तीळ, थोडा भुईमूग. कुणी कुठल्या मोहिमेत भाग घेतला नव्हता, तेलाची सोय शेताच्या कडेलाच होती.

मग करडी का गेली? एक म्हणजे तिची काढणी. काटे इतके की हात-पाय गुंडाळून शेतात उतरावे लागे आणि मजूर मिळेनासे झाले. त्यात मावा पडला की पीक हातचे जाई. दुसरीकडे पूर्णा प्रकल्पाचे पाणी तालुक्यात आले. ऊस आला, केळी आली, हळद तर अशी रुजली की २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्याला पाणी त्याने नगदी पीक घेतले, आणि ज्याला नाही त्याने सोयाबीन. शंभर-एकशेदहा दिवसांत रान मोकळे होते, मळणी यंत्रावर होते आणि मागे हरभरा घेता येतो. शेतकऱ्याचा हिशोब चुकीचा नव्हता.

पण सोयाबीनबद्दल एक गोष्ट आपण विसरतो. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते साधारण अठरा किलो, बाकी जवळपास सगळी पेंड. करडीत तेलाचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असते, भुईमुगाच्या दाण्यात त्याहूनही जास्त. म्हणजे सोयाबीन हे नावापुरते तेलाचे आणि खरे तर पेंडीचे पीक आहे. त्याचा भाव कोंबड्यांच्या खाद्यावर आणि परदेशातल्या पेंडीच्या दरावर ठरतो. गावोगाव सोयाबीन असूनही तेलाची तूट का भरत नाही, याचे एक उत्तर इथे आहे.

एकदा जमले होते

ही तूट नशिबात लिहिलेली नाही. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. सुधारित बियाणे, हमीभाव, खरेदी आणि आयातीवर नियंत्रण अशा चारही बाजूंनी एकाच वेळी काम झाले. १९८५-८६ मध्ये देशात तेलबियांचे उत्पादन सुमारे १०८ लाख टन होते, ते १९९३-९४ पर्यंत जवळपास दुप्पट झाले. आयात गरजेच्या काही टक्क्यांवर आली. याला 'पीतक्रांती' म्हटले गेले. सात-आठ वर्षांत, याच शेतकऱ्यांनी, याच मातीत ते करून दाखवले होते.

पुढे १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. सुरुवातीला ६५ टक्के शुल्क होते, ते पुढच्या चार-पाच वर्षांत उतरत १५ टक्क्यांवर आले. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे दगावली, सुट्या तेलावर निर्बंध आले आणि पाकीटबंद आयात तेलाची वाट आणखी मोकळी झाली. २००८ मध्ये महागाई वाढली तेव्हा कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क शून्य केले गेले, आणि ते कित्येक वर्षे तसेच राहिले. २०२१ मध्ये पुन्हा कपात झाली. या काळात दिल्लीत काँग्रेसचे सरकार होते, आघाड्यांचे होते, भाजपचेही होते. झेंडे बदलले, पण औषध तेच राहिले. तेल महागले की शुल्क कमी करा, स्वस्त तेल येऊ द्या, शेतकऱ्याचे नंतर पाहू.

एका घरातले दोन भाव

या धोरणाचा अर्थ आम्हाला कळला तो आमच्या घरातच.

२०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेल्याचे सगळ्यांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याजवळ आले होते. डिसेंबरमध्ये वायदेबाजारातही सोयाबीनवर बंदी आली. त्या वर्षी भाईजाननी दहा हजाराच्या आशेने पेरले होते.

२०२४ मध्ये उलटे झाले. सप्टेंबरात सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. कारण दिले शेतकऱ्याच्या हिताचे. दिवाळीच्या तोंडावर भाभींनी तेल आणले तर किलोमागे वीसेक रुपये जास्त गेले होते. आम्हाला वाटले, चला, इकडे गेले ते सोयाबीनमध्ये भरून निघेल. पण हमीभाव ४,८९२ असताना भाईजानचे वीस क्विंटल गेले ४,१०० ने. म्हणजे क्विंटलमागे ७९२ आणि एकूण १५,८४० रुपये कमी. खरेदी केंद्रावर नेले असते तर? तिथे नोंदणीची रांग, १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नव्हता, आणि पुढे बारदान्याचीही टंचाई झाली. ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांवर नेली गेली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि हरभऱ्याच्या पेरणीला पैसे हवे होते ऑक्टोबरमध्ये.

शुल्क वाढून तेल महागले, मग सोयाबीन का वाढले नाही? कारण पेंड पडून होती. इथे गाडीचे तेल आणि भाजीचे तेल एकमेकांना भेटतात. पेट्रोलची आयात कमी व्हावी म्हणून सरकारने त्यात इथेनॉल मिसळायला सुरुवात केली. ते आता मक्यापासून आणि तांदळापासूनही मोठ्या प्रमाणावर बनते. मागे जो चोथा उरतो तो कोंबडीखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. म्हणजे एका तेलाची आयात कमी करण्याच्या उपायाने दुसऱ्या तेलाच्या पिकाचा भाव पाडला. आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही. आमच्या तालुक्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, अनेक घरांची चूल त्यावर पेटते. पण एका खात्याच्या निर्णयाने दुसऱ्या खात्याच्या शेतकऱ्याचे काय होईल, हे कुणीतरी आधी बसून पाहायला हवे होते.

त्याच नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. प्रचारात एका बाजूने सोयाबीनला सहा हजारांचे आश्वासन होते, दुसऱ्या बाजूने सात हजारांचे. पुढच्या वर्षी २८ मे २०२५ रोजी हमीभाव ५,३२८ जाहीर झाला, आणि दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या तेलावरचे एकूण शुल्क साडेसोळा टक्क्यांवर उतरवले गेले. मृगाची पेरणी तोंडावर असताना शेतकऱ्याने यातल्या कोणत्या निर्णयावर विश्वास ठेवायचा?

जबाबदार कोण?

व्यापारी आणि तेल कंपन्या नफा पाहतात. जिथे तेल स्वस्त तिथून आणतात. त्यांच्याकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. शेतकऱ्याने करडी सोडली, पण पोटासाठी. त्याला दोष देणाऱ्याने एकदा करडी काढून पाहावी.

आपला वाटाही आहे. नीती आयोगाच्या अहवालानुसार देशात माणशी वर्षाला सरासरी १९.७ किलो तेल लागते. पाच माणसांच्या घराचा हिशोब केला तर महिन्याला आठ किलोंच्या वर. घरोघरच्या दस्तरखानाकडे प्रामाणिकपणे पाहिले तर रमजानमध्ये रोजचे तळण आणि वलीम्याच्या देगेवर बोटभर तवंग नसेल तर 'बगार कमी पडला' म्हणणारे पाहुणे, हे सगळे आपणच आहोत. इसराफ म्हणजे उधळपट्टी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण ते आपण पैशाला लावतो, कढईला लावत नाही.

तरीही सगळ्यात मोठी जबाबदारी राज्यकर्त्यांचीच, असे आम्ही म्हणतो. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रत्येकाने तेल दहा टक्के कमी वापरावे असे आवाहन केले. आवाहन चांगले आहे, आरोग्यासाठीही. पण घरातली बाई कढईतले तेल कमी करू शकते, बंदरावरचे शुल्क ठरवू शकत नाही. जो निर्णय ज्याच्या हातात, त्याचा जाब त्याला.

पुढाऱ्यांनी काय करावे?

केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले आहे. २०३०-३१ पर्यंत उत्पादन ३९० लाख टनांवरून सुमारे ६९७ लाख टनांवर न्यायचे आहे. उद्दिष्ट मोठे आहे, पण १९८६ चा धडा घेतला तरच ते जमेल.

पहिली गोष्ट, आयात शुल्क हमीभावाशी बांधावे. जगात तेल पडले की शुल्क आपोआप वर, चढले की खाली. त्याचा नियम पेरणीआधी जाहीर व्हावा आणि हंगामात बदलू नये.

दुसरी, तेल महागले की गरिबाला थेट मदत द्यावी. महागाई खरी आहे. रोजंदारीवरच्या घराला किलोमागे वीस रुपये म्हणजे दुधाचे पैसे. पण त्यासाठी सगळ्या देशाचे शुल्क पाडले की फायदा मोठ्या हॉटेलालाही होतो आणि मार फक्त शेतकऱ्याला बसतो. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात एक लिटर तेल होते, आणि ते पामतेल. वाट बरोबर होती, फक्त त्या पिशवीत आपल्या मातीचे तेल असायला हवे होते.

तिसरी, खरेदी केंद्रे पीक निघण्याआधी उघडावीत, बारदाना आधी पोचावा. करडीला हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, २०२४ च्या रब्बीत तो ५,९४० रुपये होता, पण आमच्या भागात करडीचे खरेदी केंद्र आम्ही पाहिलेले नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम'सारखे वाण दिले आहेत, काढणीही आता यंत्राने होऊ शकते. बाकी राहिला तो फक्त गिऱ्हाइकाचा प्रश्न.

ते गिऱ्हाईक आमच्या शाळेतच बसलेले असते. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ५ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला साडेसात ग्रॅम तेल ठरलेले आहे. वरच्या वर्गांतली शंभर मुले धरली तर दिवसाला पाऊण किलो, वर्षाच्या सव्वादोनशे दिवसांत जवळपास १७० किलो. घाण्यावर तेवढे तेल काढायला सहा-सात क्विंटल करडी लागेल, म्हणजे दीड-दोन एकराचे कोरडवाहू पीक. एक शाळा, एक शेतकरी आणि एक घाणा, एवढाच हा हिशोब. जिल्ह्यातल्या शाळा मोजा आणि गुणाकार करा. आमच्या आमदार-खासदारांनी आणि जिल्हा परिषदेने हा गुणाकार एकदा करून पाहावा, अशी आमची मागणी आहे.

राहिले आपले घर. आम्ही सुरुवात लहान केली. भाभींनी महिन्याचे तेल एकाच वेळी मोजून वेगळ्या डब्यात काढायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात पंचविसाव्या दिवशीच डबा रिकामा झाला. तिसऱ्या महिन्यात महिनाअखेर थोडे उरले. भाईजाननी या रब्बीत हरभऱ्याच्या कडेने करडीच्या चार ओळी पेरायचे ठरवले आहे. त्याने देशाची आयात कमी होणार नाही, हे आम्हालाही कळते. पण पुढच्या निवडणुकीला कुणी सोयाबीनचा आकडा घेऊन दारात आले, तर त्यांना आम्ही दोन प्रश्न विचारणार आहोत: आयात शुल्काचा नियम काय, आणि खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडणार? आपणही विचारा.

आणि त्या मुलीला आम्ही सांगितले आहे की तिचा प्रश्न धड्यात नव्हता, पण असायला हवा होता.