पट्ट्याचं शेवटचं टोक

2020 च्या जानेवारीत भाचीसाठी जुनी गाडी बघायला आम्ही सातारा रस्त्याला गेलो होतो. 2016 ची पांढरी हॅचबॅक, सिंगल ओनर, रनिंग 31 हजार. गाडी चकाचक धुतलेली, आत अत्तराची डबी टांगलेली आणि किंमत बाजारभावापेक्षा पन्नासेक हजारांनी कमी. बरोबर आमचे नेहमीचे गॅरेजवाले मामा होते. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले. रोज लावताना बाहेर येतो तेवढा आला, तरी ते ओढतच होते. अगदी शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली आणि तिच्यावर आडवी तपकिरी रेघ दिसली. मामांनी ती नखाने खरवडली. माती होती.

"ताई, ही गाडी पाण्यात बसलेली आहे. चला."

विकणाऱ्याने आवाज चढवला, सर्व्हिसची बिलं पुढे केली. मामांनी पुढच्या सीटचे तळाचे बोल्ट दाखवले. त्यांच्यावर गंज चढला होता आणि तीन वर्षांच्या पुण्यातल्या गाडीला तो चढायचं कारण नव्हतं. मग डिकीतली स्टेपनी उचलली. तिच्याखालच्या खोलगट भागात, पत्र्याच्या कडेला, बारीक गाळ तसाच होता.

25 सप्टेंबर 2019 ची रात्र दक्षिण पुण्यात कुणी विसरलेलं नाही. कात्रजच्या बाजूला पाऊस असा कोसळला की आंबिल ओढा पात्र सोडून घरांत शिरला. अरण्येश्वर, सहकारनगर, पद्मावती ते दांडेकर पुलापर्यंत लोकांनी ती रात्र गच्चीवर, माळ्यावर काढली. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. सकाळी गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या, काही भिंतींवर. त्या गाड्यांचं पुढे काय होणार, हा विचार त्या दिवशी कुणाला सुचला नाही आणि सुचण्यासारखा तो दिवसही नव्हता. पण भिजलेली गाडी नाहीशी होत नाही. विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत धरते, भंगाराच्या भावात कुणीतरी उचलतं, आतलं कापड बदलतं, वायरिंग सुकवतं आणि तीन-चार महिन्यांनी ती 'अर्जंट विकणे आहे' म्हणून उभी राहते. चालवून पाहिली तर चालते. एअरबॅग उडवण्याचा हुकूम देणारं युनिट मात्र बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, जमिनीलगत असतं. पाणी आधी तिथेच पोचतं. डॅशबोर्डवरचा दिवा बंद करून ठेवला असेल, तर ते युनिट बिघडलंय हे कळण्याची वेळ एकदाच येते. म्हणून त्या दिवशी भाचीचा हिरमुसलेला चेहरा पाहूनही मला मामांचे पाय धरावेसे वाटले.

तेव्हापासून मी मागे वळून बघतो आहे. चाळीस वर्षांत आमच्या घरात चार जुन्या गाड्या आल्या. प्रत्येक वेळी 'चांगली गाडी' म्हणजे काय, याचं उत्तर वेगळं होतं.

वडिलांनी 1984 साली प्रीमियर पद्मिनी घेतली, तीही सात-आठ वर्षं वापरलेली. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, असा तो काळ. त्यामुळे हातात असलेली जुनी गाडी कमी लेखायची पद्धत नव्हती. वडिलांची परीक्षा ठरलेली असे. सकाळी गार असताना चोक ओढून गाडी किती सेल्फमध्ये सुरू होते. धूर निळा आहे का. स्टिअरिंगजवळचा गिअर दुसऱ्यातून निसटतो का. पायाखालची मॅट उचलून पत्रा कुजलाय का. सगळ्यात शेवटी खंडाळ्याचा घाट. पाणी न उकळता गाडी वर पोचली की सौदा पक्का. गाडीने वाटेत दगा देऊ नये, एवढंच मागणं होतं. आमच्या त्या पद्मिनीत सीटबेल्ट नव्हताच. मी पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बसून मुंबईला जायचो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. आई-वडील निष्काळजी नव्हते. गाडी ठोकली तर आतल्या माणसाचं काय, हा प्रश्न गाडी घेताना विचारायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि दशक सरता सरता जुन्या बाजारातही दिसू लागली. मग प्रश्न बदलला : ॲव्हरेज किती देते? रविवारच्या 'सकाळ'मधल्या छोट्या जाहिरातींवर पेनाने गोल करून आम्ही फोन लावायचो. 'डॉक्टरांनी वापरलेली' ही तेव्हाची सगळ्यात मोठी शिफारस. दुसरी गाडी आम्ही अशीच घेतली. ती भरवशाची निघाली, त्याहून जास्त तिच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

1998 च्या अखेरीस इंडिका आली, ती तर घरचीच. पिंपरीच्या कारखान्यात ज्याचा भाऊ नाही की मेहुणा नाही, असं घर पुण्यात शोधावं लागलं असतं. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, कंपनीने सुधारून 2001 मध्ये व्ही 2 आणली. तिसऱ्या गाडीच्या वेळी आमचा पहिला प्रश्न 'व्ही 2 आहे ना?' हाच होता. दुसरा, 'टुरिस्टला चाललेली नाही ना?' पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर घेऊन विकणं काही गुन्हा नव्हे. नोंदणीच्या इतिहासात ते दिसतं. पण अशा गाडीचे किलोमीटर मागे फिरवलेले असले की आकड्याला अर्थ राहत नाही. तो आकडा आम्ही पायांत शोधायचो. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय आणि मीटर म्हणतोय 40 हजार, तर मीटर खोटा.

2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. माझ्या मते पुणेकरांच्या गाडी-खरेदीतली सर्वांत मोठी घटना तीच. पण ती तशी कुणाच्या लक्षात आली नाही. घाटात चाळीसने धापा टाकणारी गाडी आता सिमेंटच्या सपाट रस्त्यावर शंभरने जाऊ लागली. ब्रेक, टायर आणि पत्रा मात्र जुन्या वेगाच्या हिशेबाचे. टायरची नक्षी बघायची सगळ्यांना सवय होती, तारीख बघायची नव्हती. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 3518 म्हणजे 2018 सालचा 35 वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने कोरे आणि वयाने म्हातारे असतात, आणि उन्हात तापलेल्या सिमेंटवर फुटतात ते असेच.

मग 2014 चा जानेवारी. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी 64 किलोमीटरने आपटून पाहिल्या : अल्टो 800, नॅनो, आय 10, फिगो आणि पोलो. मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे. पोलो आमच्या चाकणला बनणारी. तिचा सांगाडा आपटल्यावर टिकला होता, नव्हत्या त्या एअरबॅग. दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार तारे मिळाले आणि कंपनीने त्या सगळ्या मॉडेलना बसवायचं ठरवलं. ते व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले. बाहुल्याचं डोकं स्टिअरिंगवर जाऊन आदळतं ते पाहताना मला पद्मिनीतली आईची मांडी आठवत होती.

त्यानंतरच्या तारखा मला तोंडपाठ आहेत आणि जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला त्या असाव्यात. 1 ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलना समोरून आणि बाजूने आपटण्याची चाचणी सक्तीची झाली, दोन वर्षांनी चालू मॉडेलनाही. 2019 च्या एप्रिलपासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा. 1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि बेल्ट लावायची आठवण देणारी घंटी. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत आली ती 2022 उजाडताना. रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनला ऑगस्ट 2018 मध्ये चार तारे मिळाले होते. सुधारणा करून त्याच डिसेंबरात पाच झाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. म्हणजे एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांतही फरक पडतो. म्हणून आरसीवर गाडी बनल्याचा महिना वाचावा, नोंदणीचा नव्हे. 2022 च्या मध्यापासून कसोटीही कडक झाली, तेव्हा आधीचे तारे आणि नंतरचे तारे एका तागडीत घालू नयेत.

मला मनापासून सलतं ते हे की नव्या गाडीत नियमाने आलेली गोष्ट जुन्या बाजारात पोचायला पाच-सात वर्षं जातात. ज्याच्या खिशात कमी पैसे, त्याच्या मुलांच्या वाट्याला ती सगळ्यात शेवटी येते. तीन-चार लाखांत 2015 ची ऐसपैस सेडानही मिळते आणि 2020 ची लहान हॅचबॅकही. सगळे सेडानकडे वळतात. तिच्यात एअरबॅग नसेल, तर मी हात धरून हॅचबॅककडे नेतो. ॲव्हरेज, सीट कव्हर, टचस्क्रीन, सगळं नंतर.

एअरबॅग आहे असं सांगितलं तरी तपासावं. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर तिचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. पेटून राहिला तर बिघाड. पेटलाच नाही तर जास्त वाईट : अपघातात बॅग उडून गेली, नवी बसवली नाही, वरचं झाकण शिवून दिवा बंद केला, असंही असू शकतं.

कागदांचा प्रश्नही आता वेगळा झालाय. पूर्वी संगम पुलाजवळच्या आरटीओबाहेर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून लोक मोकळे व्हायचे. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी कितीही हात बदलून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. विकणाऱ्याने हे घेणाऱ्याहून जास्त लक्षात ठेवावं. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते बघायला मागितल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

2024 च्या जुलैत सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पुन्हा पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पुढच्या वर्षी 22 सप्टेंबरला नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तसे जुन्यांचे भावही खाली आले, आणि भाचीने पुन्हा विषय काढला. आता तिला तीन वर्षांची मुलगी आहे.

या वेळी गाडी बाणेरला होती. 2021 च्या मार्चची, दोन एअरबॅग, मागच्या सीटला लहान मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक. मामांचे गुडघे दुखतात, ते खुर्चीवर बसून राहिले. बेल्ट भाचीनेच ओढला, चारही दारांचा, एकेक करून, अगदी शेवटपर्यंत. पट्टी कोरडी, स्वच्छ. खालच्या टोकाला शिवलेली पांढरी चिठ्ठी होती, तिच्यावर बेल्ट बनल्याची तारीख. भाचीने मोबाइलचा टॉर्च लावून ती वाचली : फेब्रुवारी 2021. गाडीच्या एक महिना आधीची. म्हणजे बेल्ट बदललेला नाही. "मामा, जुळतंय," ती म्हणाली. मामांनी मान हलवली आणि मागच्या हुकांना बोट लावून दाखवायला सांगितलं.