घरगुती सर्व्हरमधील एसएसडी

घरगुती सर्व्हरमधील एसएसडी म्हणजे घरात दिवसरात्र चालू राहणाऱ्या छोट्या सर्व्हर संगणकात बसवलेले, फिरते भाग नसलेले साठवण-उपकरण होय. एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह) माहिती फ्लॅश स्मृतीच्या चिपमध्ये साठवते. हार्ड डिस्क तीच माहिती फिरत्या चुंबकीय तबकडीवर साठवते. घरगुती सर्व्हरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम छोट्या एसएसडीवर आणि छायाचित्रे, चित्रफिती, कागदपत्रे इत्यादी मोठा साठा हार्ड डिस्कवर, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. एसएसडी जागेत बसली म्हणजे ती संगणकाला दिसेलच, आणि दिसली म्हणजे तिच्यावरून संगणक सुरू होईलच, असे नसते. त्यामुळे आकार, जोडणी आणि संगणक सुरू करण्याची सोय या तीन बाबी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

उपयोग

ऑपरेटिंग सिस्टिम नोंदी लिहिणे, तात्पुरत्या फाइली बदलणे अशी बारीकसारीक कामे सतत करीत असते. ती हार्ड डिस्कवर असल्यास डिस्कला विश्रांती मिळत नाही. परिणामी विजेचा वापर, उष्णता व आवाज वाढतो. ती एसएसडीवर हलवल्यास मोठ्या डिस्का गरज नसताना थांबू शकतात. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिम बिघडून पुन्हा स्थापित करावी लागली, तरी वेगळ्या डिस्कवरील विद्याला हात लावावा लागत नाही. या कामासाठी फार मोठी एसएसडी लागत नाही. उदाहरणार्थ, पूर्वी फ्रीनॅस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रूनॅस या प्रणालीसाठी किमान १६ गिगाबाइटची स्वतंत्र डिस्क पुरते. मात्र त्या डिस्कवर इतर विदा ठेवता येत नाही.

आकार

छोट्या संगणकांत प्रामुख्याने तीन प्रकारच्या एसएसडी आढळतात.

२.५ इंची: लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसारखा बंद डबा. जाडी बहुधा ७ मिलिमीटर. हिला साटा जोडणीची माहितीची तार व विजेची तार अशा दोन तारा लागतात.

एमसाटा: उघड्या पट्टीच्या स्वरूपातील जुना प्रकार. इंटेलच्या सुरुवातीच्या नक या छोट्या संगणकांत हाच प्रकार वापरला जाई.

एम.२: एमसाटाची जागा घेणारी अरुंद पट्टी. हिची मापे चार-पाच अंकी संख्येने सांगतात. पहिले दोन अंक रुंदी आणि उरलेले अंक लांबी मिलिमीटरमध्ये दर्शवतात. म्हणजे २२८० ही पट्टी २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते. २२३०, २२४२, २२६० आणि २२११० ही इतर मापे होत. काही पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना चिप असतात. अशी पट्टी कमी उंचीच्या जागेत बसत नाही.

खाच आणि जोडणी

एम.२ हे केवळ पट्टीच्या आकाराचे व जोडणीच्या तोंडाचे नाव आहे. माहितीची देवाणघेवाण कोणत्या पद्धतीने होते, हे त्यावरून कळत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक साटा पद्धतीची, तर दुसरी पीसीआय एक्सप्रेस मार्गावरून एनव्हीएमई पद्धतीने चालणारी असू शकते. साटाची कमाल गती सेकंदाला ६ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ५५० मेगाबाइट असते. एनव्हीएमई पट्ट्या याच्या अनेक पट वेगवान असू शकतात.

पट्टीच्या संपर्ककडेला खाच असते. 'बी' आणि 'एम' या खाचांची स्थाने भिन्न असतात. चार मार्गिकांच्या एनव्हीएमई पट्टीला सहसा केवळ एम खाच असते. साटा पट्टीला बहुधा दोन्ही खाचा असतात, त्यामुळे ती दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये शिरते. गोंधळ इथेच होतो. एखाद्या स्लॉटला फक्त पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गिका जोडलेल्या असतील, तर त्यात साटा पट्टी व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो. परंतु संगणकाला ती दिसत नाही. उपकरण नादुरुस्त समजून परत केले जाण्याचे हे एक कारण होय. म्हणून खाच पाहून निर्णय न घेता संगणकाच्या माहितीपुस्तिकेत स्लॉटसमोर 'साटा', 'पीसीआयई' किंवा दोन्ही, यांपैकी काय लिहिले आहे ते पाहणे आवश्यक ठरते.

उदाहरणे

एचपी प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन८: २०१३ साली बाजारात आलेल्या या सर्व्हरमध्ये चार ३.५ इंची डिस्कांची सोय आहे, परंतु एम.२ स्लॉट नाही. त्यामुळे अनेक वापरकर्ते वरच्या बाजूच्या पातळ सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या रिकाम्या जागेत २.५ इंची एसएसडी बसवतात. तेथील साटा जोडणीची गती सेकंदाला ३ गिगाबिट इतकीच आहे. तथापि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ती पुरेशी असते. तेथे उपलब्ध विजेचे टोक जुन्या फ्लॉपी ड्राइव्हच्या धर्तीचे असल्याने साटाच्या टोकात रूपांतर करणारी तार लागते. खरी अडचण पुढे येते. एएचसीआय पद्धतीत चार कप्प्यांत डिस्का असताना हा सर्व्हर सीडी ड्राइव्हच्या जोडणीवरील एसएसडीवरून थेट सुरू होत नाही. त्यावर दोन उपाय प्रचलित आहेत: आतल्या यूएसबी किंवा मायक्रोएसडी कार्डावर केवळ बूटलोडर ठेवून त्याच्याकरवी एसएसडीवरील प्रणाली सुरू करणे, अथवा नियंत्रक रेड पद्धतीत ठेवून एसएसडीचा एकाच डिस्कचा रेड ० संच करणे आणि तो सुरुवातीसाठी निवडणे.

रास्पबेरी पाय ५: २०२३ साली आलेल्या या एकपाटी संगणकावर पीसीआय एक्सप्रेसची एक मार्गिका चपट्या फितीच्या जोडणीतून उपलब्ध आहे. २०२४ साली आलेल्या एम.२ हॅट+ या अधिकृत जोडपाटीवर २२३० व २२४२ मापाच्या एनव्हीएमई पट्ट्या बसतात. सर्वत्र मिळणारी २२८० पट्टी बसत नाही आणि साटा पट्टी चालत नाही. मार्गिका अधिकृतपणे पीसीआय एक्सप्रेस २.० प्रतीची असल्याने गतीची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला ५०० मेगाबाइट राहते. त्यामुळे येथे महागडी वेगवान एसएसडी घेऊन विशेष लाभ होत नाही. असे असले तरी मायक्रोएसडी कार्डाच्या तुलनेत गती व टिकाऊपणा यांत मोठा फरक पडतो.

बसवण्याची पद्धत

प्रथम विद्याची प्रत अन्यत्र काढून ठेवतात. त्यानंतर संगणक बंद करून विजेची तार काढतात. स्थिर विद्युतभाराने चिप निकामी होऊ शकतात. म्हणून रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करून अंगावरील भार उतरवतात व पट्टी कडेने धरतात. एम.२ पट्टी स्लॉटमध्ये थोडी तिरपी सरकवतात, आडवी दाबतात आणि टोकाशी छोट्या स्क्रूने पक्की करतात. स्क्रू जोराने आवळल्यास पट्टी वाकते. संगणक सुरू केल्यावर बायोसमध्ये एसएसडीचे नाव दिसते का, हे पाहूनच पुढे ऑपरेटिंग सिस्टिम स्थापित करतात. स्थापनेच्या वेळी चुकून विद्याची डिस्क निवडली जाऊ नये, यासाठी इतर डिस्का तात्पुरत्या काढून ठेवणे श्रेयस्कर असते.

मर्यादा आणि विदासुरक्षा

फ्लॅश चिपवर ठरावीक प्रमाणातच पुन्हापुन्हा लिहिता येते. उत्पादक ही मर्यादा टेराबाइटमध्ये जाहीर करतात. घरगुती वापरात ती गाठण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. बंदिस्त छोट्या पेटीत हवा खेळती नसल्यास एनव्हीएमई पट्टी तापते आणि नुकसान टाळण्यासाठी स्वतःची गती कमी करते. अशा वेळी उष्णता पसरवणारी धातूची पट्टी उपयोगी पडते. सर्वसाधारण एसएसडीमध्ये अचानक वीज गेल्यास लेखन पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठवणारे संधारित्र नसतात, त्यामुळे सर्व्हरला यूपीएस जोडणे हिताचे ठरते.

हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा आवाज करते. एसएसडी मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. 'स्मार्ट' या स्वयंतपासणीच्या नोंदी अधूनमधून पाहिल्यास काही बिघाड आधी लक्षात येतात, सर्व नव्हे. दोन डिस्कांवर एकच विदा ठेवणारा रेड संच एक डिस्क निकामी झाली तरी काम चालू ठेवतो. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून रेड हा स्वतंत्र प्रतीला पर्याय ठरत नाही. कुटुंबाची छायाचित्रे, शैक्षणिक प्रमाणपत्रे यांसारख्या पुन्हा न मिळणाऱ्या विद्याची किमान एक प्रत सर्व्हरबाहेर, शक्यतो घराबाहेर असावी, असा संकेत आहे.