खणांची मोळी

खटाव तालुक्यात जुनं माळवद उतरवायचं ठरलं की तुळया, खांब आणि चौकटींचा सौदा आधी होतो. सागवानाला गिऱ्हाईक कायम असतं. मागे राहतो तो किरकोळ माल: एका दाराचं फडताळ, पाय मोडलेला चौरंग, बैठ्या डेस्काचे सुटे खण. वडूजच्या बाजारात त्याला कोण विचारणार? तो बंबात जातो.

तेयो रेमी या डच डिझायनरने १९९१ साली असल्याच सुट्या खणांवर नाव कमावलं. टाकून दिलेल्या कपाटा-टेबलांचे वीसेक खण त्याने जमवले, प्रत्येकाला मेपलच्या लाकडाची नवी पेटी केली, त्या पेट्या वाकड्यातिकड्या रचल्या आणि तागाच्या एका पट्ट्याने जळणाच्या मोळीसारख्या आवळल्या. ना सांगाडा, ना पाठ. मुठी जिथल्या तिथे, रंगाचे पोपडेही तसेच. ‘द्रोग’ या डच संस्थेमार्फत ही वस्तू जगभर गेली आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही पोचली. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प वडूजशेजारच्या औंधच्या संग्रहालयात येऊन राहतं, तेव्हा या प्रवासाचं नवल नको.

बघणाऱ्याचं लक्ष पट्ट्यावर जातं. खरी करामत पेट्यांत आहे. प्रत्येक खणाचं माप वेगळं, कुठला फुगलेला, कुठला आटलेला. एकाच सांगाड्यात ते बसवायचे तर सगळे तासावे लागले असते. रेमीने खणाला हात न लावता घरच त्याच्या मापाचं केलं. खण सरकतो का, हे आधी बघणाऱ्या कुठल्याही सुताराला ही युक्ती पटेल.

‘पीट हाइन एक’ हा रेमीच्याच देशातला दुसरा गडी. १९९० मध्ये शिक्षण संपवताना त्याने भंगार फळकुटांचं कपाट केलं. लाकूड फुकटात, मजुरी मात्र भरमसाट. त्याचा हिशेब असा की लाकूड स्वस्त असलं तरी त्यावर हात चांगला फिरवायचा.

आपल्याकडे हा हात कुठे अडतो, ते सुतारच जाणे. जुन्या फळीत बुजलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची वाट लावतो, म्हणून आधी लोहचुंबक फिरवायचा. ऑइलपेंटचे थर खरवडायचे, वाळवीने खाल्लेला भाग कापून सांधा द्यायचा, मग चपडा लाखेचं पॉलिश कापडाच्या बोळ्याने हळूहळू चढवायचं. घाई केली की चट्टे पडतात.

जुनं जपण्याचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारं, दिवे, अडकित्ते गोळा केले, मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा उभे केले आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला दिला. चंदीगडने उलटं केलं: वास्तुविशारद पिअर जानरे यांच्या काळातल्या सागवान-वेताच्या सरकारी खुर्च्या भंगारात काढल्या, परदेशी लिलावांत त्यांना लाखोंचे भाव आले आणि २०११ साली केंद्राला विक्रीवर बंदी घालावी लागली.

केळकर संग्रहालयातल्या दारांसमोर प्रस्तुत लेखकाचा वेळ नेहमीच जास्त जातो. तिथून बाहेर पडून एखाद्या हॉटेलात शाबूत कोरीव दार आडवं टाकून, वर काच ठेवून केलेलं टेबल दिसलं की जीव चडफडतो. रेमीने मोडकं घेतलं होतं. चांगल्या दाराच्या बिजागऱ्या उपटून त्यावर चहाचे कप ठेवायला डिझायनर कशाला हवा?