चिंचोटीचे कुंड आणि देशाचे कर्ज

मुलांना समास आणि अलंकार शिकविणाऱ्या माणसाने देशाच्या कर्जाविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण दोष माझा नाही, माझ्या पुतणीचा आहे!

नवरात्रात आम्ही वसईजवळच्या चिंचोटीच्या धबधब्यावर गेलो होतो. रानातली पायवाट तुडवून कुंडापासून जरा दूर बसलो, तोच तिने विचारले, "काका, १९७ लाख कोटींचे कर्ज म्हणजे केवढे हो?"

मार्च २०२६ अखेर केंद्र सरकारवर सुमारे एवढे कर्ज असेल, असे २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात म्हटले होते. नुसती शून्ये मांडून काय उमजणार? मी म्हटले, "सेकंदाला एक रुपया मोज. लाख मोजायला एक दिवस नि चार तास लागतील. कोटीला जवळजवळ चार महिने. लाख कोटीला एकतीस हजारांवर वर्षे! आणि १९७ लाख कोटींना बासष्ट लाख वर्षे!"

ती धबधब्याकडे पाहत राहिली. मी पुढे म्हणालो, "हे कुंड म्हणजे साठलेले कर्ज. वरून पडणारी धार म्हणजे दरसालची तूट. त्या वर्षीच्या तुटीचा अंदाज १५.६९ लाख कोटींचा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच लाख रुपये. आणि व्याजाचा १२.७६ लाख कोटींचा, म्हणजे सेकंदाला चार लाख! नव्याने पाच रुपये काढायचे, तर जुन्यांचे व्याजच चार रुपये."

"मग सावकार कोण?"

"बव्हंशी आपणच! बँका, आयुर्विमा महामंडळ, भविष्य निर्वाह निधी यांच्याकडून सरकार कर्ज घेते. तुझ्या आजीची पोस्टातली बचतही त्यातच. परदेशांचा वाटा लहान."

कर्ज नुसत्या आकड्याने भयंकर ठरत नाही. ते राष्ट्राच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ५६ टक्के होईल, असा तो अंदाज होता. घरासाठी काढलेले कर्ज वेगळे, जेवणावळींसाठी काढलेले वेगळे. चिंचोटीच्या कुंडात अनेकांचे प्राण गेले आहेत. दोष पाण्याचा नव्हे, खोली न अजमावता उतरण्याचा.

परतताना फाट्यावर पुतणीने पन्नास रुपये उसने मागितले. "कशाला ग?" मी सवयीने विचारले.

ती हसून म्हणाली, "काका, पन्नास रुपयांना विचारता, मग लाख कोटींना का नाही विचारत?"

उत्तर सुचेना. मी मुकाट्याने पन्नासाची नोट काढून दिली.