भिंतीच्या दर्जा वेळीच भरून घ्या

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. पण बांधलेले घर सांभाळणे काही सोपे नाही, आणि ते काम बहुधा आपल्याच वाट्याला येते. दिवाळीला आपण जळमटे काढतो, रंग देतो. पण न्हाणीमागची विटांची भिंत जवळ जाऊन कधी पाहतो का?

मैत्रिणींनो, आपल्या यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसदकडे जुन्या वस्तीत बिनगिलाव्याच्या विटांच्या भिंती अजून दिसतात. अशा भिंतीत वीट टिकते. आधी झिजतो तो दोन विटांमधला मसाला. या सांध्यांना गवंडी ‘दर्जा’ म्हणतात. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत चढणारा पारा आणि त्यावर मृगाच्या सरी! दर्जा पोकळ झाल्या की पाणी आत शिरते, भिंतीला लोणा लागतो, आतून पोपडे सुटतात. शिवाय त्या फटींत विंचू बिऱ्हाड करतात ते वेगळेच.

पारख अगदी सोपी आहे. घरातली किल्ली घ्या आणि सांधा खरवडा. भुसा पडू लागला किंवा किल्ली अर्धा इंच आत गेली, तर मिस्त्रीला बोलवा.

तो बहुतेक म्हणेल, “ताई, सिमेंट भरून देतो, पक्कं काम होईल.” इथेच जरा थांबा. घर चुन्यात बांधलेले असेल तर नुसते कडक सिमेंट भरू नका. भिंतीतली ओल मऊ चुन्यातून बाहेर पडत असते. ती वाट सिमेंटने बंद केली की ओल विटेतून निघते, आणि चार-सहा वर्षांत विटेचाच पापुद्रा सुटू लागतो. दर्ज पुन्हा भरता येते, वीट नाही! चुन्याच्या भिंतीला एक भाग चुना, तीन भाग रेती हे प्रमाण ठेवा. वणी तालुक्यातल्या राजूरचा चुना तर आपल्या जिल्ह्यातलाच. मात्र कळीचा चुना विरवताना तो उकळतो, डोळ्यांत उडतो. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. सिमेंटात बांधलेल्या नव्या भिंतीला एकास तीन सिमेंट-रेती चालते.

रेतीही पाहून घ्या. काचेच्या ग्लासात निम्मी रेती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ढवळा, तीन तास ठेवा. रेतीवर मातीचा जाड थर बसला तर ती धुऊन घ्यायला सांगा.

कामाच्या वेळी एवढे लक्षात ठेवा:

• जुना मसाला पाऊण इंच खोल खरवडून काढावा. वरवर लिंपले तर पहिल्याच पावसाळ्यात गळून पडते.
• सांधे ब्रशने झाडून भिंत चांगली भिजवावी. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते.
• काम वरून खाली करावे. सिमेंटचा मसाला थोडाथोडाच कालवावा. अर्ध्या तासात संपेल इतकाच.
• नंतर सात दिवस पाणी मारावे. चुन्याला अधिक दिवस ओलसर ठेवावे, गोणपाट लावले तर उत्तम.

यासाठी दिवाळीनंतरचे दिवस बरे. वैशाखात मसाला वाळतो, पण धरत नाही.

एक धोक्याची सूचना. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. त्यामुळे पायाच हलला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्यापायऱ्यांची भेग जाते. ती दर्जा भरून मिटत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत भेग खुणेपुढे सरकली, तर गवंड्याऐवजी इंजिनिअरला दाखवा. त्यात घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

खर्च एकदम झेपत नसेल तर पावसाचा मारा बसणारी एकच भिंत यंदा करा, बाकीच्या पुढच्या वर्षी. आणि मिस्त्री काम करीत असताना चहा द्यायच्या निमित्ताने दोनदा तरी बाहेर जा. खरवडणे किती खोल झाले, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.